अजून किती पळवू?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. खंडू १४ महिन्यांचा, ३३ किलोंचा. खेड-शिवापूरजवळ एका ढाब्यामागे सापडला तेव्हा दीड महिन्याचा होता. आई कारवान या शिकारी जातीसारखी उंच आणि लांबट तोंडाची, बाप बहुधा शेजारच्या फार्महाऊसवरचा लॅब्राडोर. तुम्ही सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर राहता. घरात तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सकाळी मोकळ्या प्लॉटवर तासभर चेंडू, संध्याकाळी यजमानांच्या सायकलमागे चार किलोमीटर. तरी रात्री साडेदहाला हा घरभर गरागरा फिरतो, सोफ्याच्या उशा फाडतो, बेल वाजली की दारावर झेपावतो. गेल्या महिन्यात त्याच्या धक्क्याने सासूबाई पडल्या आणि मनगट मुरगळलं. एका प्रशिक्षकाने आतून काटे असलेला पट्टा आणून दिला आणि ‘घरात मालक कोण ते त्याला दाखवा’ म्हणाला. सोसायटीने लेखी तक्रार दिली. दीर म्हणतात, शेतावर सोडून या. आणि शेवटी तुमचा प्रश्न: ‘याची ताकद जिरवायला अजून किती पळवू?’

माझं उत्तर आधी सांगते आणि मग कारणं सांगते. अजून पळवू नका, उलट कमी करा. खंडूची ताकद जिरत नाही ही अडचण नाही. त्याला विसावता येत नाही, ही अडचण आहे. ते त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

गेली बावीस वर्षं मी पुण्यात लोकांच्या घरी जाऊन कुत्र्यांचं हे काम करते. मोठ्या, उसळत्या कुत्र्यांच्या घरांतून मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘एवढं पळवतो तरी दमत नाही.’ दमणार कसा? रोज तासभर चेंडूमागे धावणारा कुत्रा सहा महिन्यांत पैलवान होतो. आज त्याला तास पुरत नाही, दिवाळीपर्यंत दीड तास पुरणार नाही. शिवाय चेंडू हा काही साधा व्यायाम नाही. चेंडू म्हणजे शिकारीचा पाठलाग, तोही चाळीस-पन्नास वेळा लागोपाठ. अंगात चढलेला तो जोश घरी आल्यावर पंखा बंद केल्यासारखा थांबत नाही, उतरायला तासन्‌तास लागतात. तो उतरायच्या आत तुमची संध्याकाळची सायकल येते.

तुम्ही दिवसाचं वेळापत्रक लिहून दिलंत ते फार बरं केलंत. मी त्यातली झोप मोजली. सगळी मिळून साडेआठ-नऊ तास, तीही तुकड्यातुकड्यांत. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाकाठी १२ ते १४ तास झोप हवी, या वयात त्याहून जास्तच. लग्नघरातलं लहान मूल आठवा. रात्री अकरापर्यंत जागं राहिलं की ते गुपचूप झोपत नाही. किरकिर करतं, धावतं, आपटतं, कोणाला तरी चावतं. तेव्हा घरातली कुठलीही बाई त्याला ‘अजून दोन फेऱ्या मार’ असं सांगत नाही, मांडीवर घेऊन थोपटते. तुमचा साडेदहाचा खंडू म्हणजे ते मूल आहे.

वयाचाही भाग आहे. आठव्या महिन्यापासून दीड-दोन वर्षांपर्यंत कुत्री पौगंडावस्थेत असतात. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की आठ महिन्यांच्या सुमाराला कुत्री ‘बस’ ही साधी आज्ञा स्वतःच्या माणसाची कमी आणि परक्याची जास्त ऐकतात. म्हणजे ‘माझंच ऐकत नाही’ ही तुमची तक्रार खरी आहे, पण त्यात तुमच्याविषयी राग किंवा अनादर नाही. हे वय सरतं.

कारवान आणि लॅब यांच्या मिश्रणाबद्दल तुम्ही विचारलंत. मराठवाडा-सोलापूरकडे कारवान म्हणतात, कर्नाटकात मुधोळ म्हणून तोच वंश प्रसिद्ध आहे. ही नजरेने शिकार करणारी कुत्री. क्षितिजावर काही हललं की सुटली, आणि काम नसेल तेव्हा सावलीत पडून राहिली. दिवसभर धावणं त्यांच्याही रक्तात नाही. पण रक्तावर फार विसंबू नका. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांवरचा अभ्यास आला. त्यात मिश्र वंशाची कुत्री पुष्कळ होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जातीने सांगता येणारा वाटा जेमतेम ९ टक्के निघाला. त्यामुळे ‘हाउंड आहे, असाच राहणार’ हे तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं मनातून काढून टाका. शरीर मात्र आईकडून आलेलं दिसतं: पातळ कातडी, अंगावर चरबी कमी, खोल छाती. ते आपल्याला पुढे दोन-तीन ठिकाणी लक्षात ठेवावं लागेल.

आता नवा दिवस कसा असावा ते सांगते. सकाळी चेंडू नाही. सहाच्या आसपास निघा आणि पाऊण तास त्याला हुंगू द्या. दहा मीटर लांब सुती दोर छातीभोवती बांधायच्या हार्नेसला अडकवा, गळ्यातल्या पट्ट्याला नाही, कारण धावत जाऊन दोर ताणला तर मानेला हिसका बसतो. तुमच्याजवळ कालव्याकाठचा रस्ता आहे, तळजाईची टेकडी आहे. वनखात्याच्या कुंपणातल्या भागात जाण्याआधी फलक वाचा, जिथे कुत्री न्यायची मुभा असेल तिथेच न्या. किती अंतर कापलं ते मोजू नका. एका बाभळीच्या बुंध्याशी तो चार मिनिटं थांबला तर चार मिनिटं थांबा. त्या बुंध्यावर रात्री कोण आलं, नर होता की मादी, हे सगळं तो नाकाने वाचतो आहे. पाऊण तास असं वाचून आलेलं कुत्रं घरी येऊन पाणी पितं आणि आडवं होतं. तासभर चेंडू खेळून आलेलं कुत्रं धापा टाकत तुमच्याकडे बघत बसतं, की आता पुढे काय? हा फरक तुम्हाला चार-पाच दिवसांत दिसेल.

दोर सोडू मात्र नका. तळजाईवर मोर आहेत, आणि कारवानच्या पोटी जन्मलेल्या १४ महिन्यांच्या कुत्र्याने मोर पाहिला की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचणार नाही. हाकेला येणं आपण शिकवणार, पण आधी घरात, मग पार्किंगमध्ये, मग लांब दोरावर. दर वेळी तो आला की चिकनचा तुकडा द्या आणि पुन्हा हुंगायला जाऊ द्या. हाक मारली की फिरणं संपतं, असं त्याच्या मनात एकदा बसलं की कोणीच येत नाही.

त्याच्या जेवणातला निम्मा भाग वाटीत देऊ नका. जुना टॉवेल पसरा, त्यात दाणे टाका, गुंडाळी करा आणि द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यात लपवा. तुमच्या मुलाला हे काम द्या. शाळेतून आल्यावर त्याने दिवाणखान्यात दहा ठिकाणी दहा तुकडे लपवायचे आणि खंडूने नाकाने शोधायचे. सुरुवातीला त्याच्या देखत लपवा, मग दाराआड. पंधरा मिनिटांत कुत्रं मनाने दमतं, आणि मुलाशी असलेलं त्याचं नातंही ढकलाढकलीपेक्षा वेगळं होतं. दुपारी एक पोकळ रबरी खेळणं घ्या, त्यात बिनमिठाचा दहीभात भरून फ्रीजरमध्ये गोठवा आणि द्या. चाटणं आणि चघळणं यांनी कुत्र्याचं मन निवतं. शिजवलेली हाडं मात्र कधीच नकोत, त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात आणि आतडी फाडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातली एक जुनी गोधडी काढा. दिवाणखान्याच्या अशा कोपऱ्यात अंथरा, जिथून त्याला माणसं दिसतील पण मुख्य दार दिसणार नाही. हरभऱ्याच्या दाण्याएवढे चिकनचे किंवा पनीरचे वीस तुकडे वाटीत घ्या आणि शेजारी जमिनीवर बसा. काही बोलू नका. त्याने गोधडीवर पाय ठेवला की एक तुकडा त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मधे, गोधडीवरच ठेवा. तोंडात देऊ नका. तोंडात दिला की तो तुमच्या हाताकडे बघत राहतो, खाली ठेवला की मान खाली जाते, आणि मान खाली गेली की शरीरही हळूहळू खाली येतं. बसला, ठेवा. आडवा झाला, दोन ठेवा. तीन-चार मिनिटांत संपवा, गोधडी उचलून कपाटात ठेवा. दिवसातून चार वेळा एवढंच. हे तुकडे त्याच्या रोजच्या खाण्यातून वजा करायला विसरू नका.

आठवड्याभरात गोधडी अंथरली की तो आपणहून येऊन पडेल. तिथून पुढचा भाग लोक घाईने उरकतात आणि फसतात. ‘आडवा पडला’ आणि ‘विसावला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आडवा पडलेला कुत्रा मागचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन उडी मारायच्या तयारीत असू शकतो. तुम्हाला हवंय ते हे: कंबर एका बाजूला कलते, हनुवटी गोधडीला टेकते, कान सैल पडतात, आणि एक लांब उसासा येतो. त्या उसाशाची वाट बघा आणि त्यालाच खाऊ द्या, अगदी हळू हाताने, आवाज न करता. ‘शाब्बास रे माझ्या राजा’ असं जोरात म्हणालात तर तो उठून उभा राहील. मग तुम्ही उठा, स्वयंपाकघरात जाऊन परत या. मग कुकर लावा. मग मुलाने दाराची बेल एकदाच वाजवावी, आणि बेल वाजली की तुकडे गोधडीवर पडावेत. तीन आठवड्यांनी बेल म्हणजे दाराकडे झेप असं न राहता बेल म्हणजे गोधडी असं व्हायला लागतं. काही घरांत सहा आठवडे लागले आहेत. त्यात काही बिघडत नाही.

सासूबाईंच्या बाबतीत मी कडक आहे. हे सगळं शिकून होईपर्यंत खंडू आणि त्या यांच्यामध्ये काहीतरी आडोसा हवाच. लहान मुलांसाठी जिन्याला लावतात ते जाळीचं दार त्यांच्या खोलीला बसवा. त्यांनी त्याला फिरवायला नेऊ नये, लिफ्टमध्येही त्याचा पट्टा हातात घेऊ नये. मनगट मुरगळण्यावर निभावलं, त्या वयात मांडीचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतं. पण त्यांना त्याच्यापासून तोडू नका. तुम्हीच लिहिलंय की दुपारी तो त्यांच्या पायाशी बसायचा आणि त्या त्याला ज्ञानेश्वरी वाचून दाखवायच्या. गोधडी त्यांच्या खुर्चीशेजारी अंथरा आणि दुपारचे तुकडे त्यांनीच ठेवावेत. वाकता येत नसेल तर लांब दांड्याचा डाव घ्या. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाने दारातच दोन तुकडे जमिनीवर टाकायचे, उडी मारायच्या आधी. खाली नाक घातलेला कुत्रा उडी मारू शकत नाही, त्यामुळे नाही म्हणायची वेळच येत नाही.

काट्यांचा पट्टा आजच काढून टाका. तो काम करतो तो दुखण्यामुळे. सोसायटीच्या गेटवरचं भटकं कुत्रं दिसलं, खंडू पुढे सरसावला, मानेत काटे टोचले. त्याने यातून काय शिकायचं? समोर कुत्रं आलं की दुखतं. सहा महिन्यांनी तो कुत्रं दिसताच गुरगुरायला लागेल, आणि मग तुम्हीच मला लिहाल की याला अचानक काय झालं. ‘मालक कोण ते दाखवा’ हा विचार कोंडून ठेवलेल्या अनोळखी लांडग्यांच्या, १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणातून निघाला. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये सविस्तर मांडलं. पूर्वी ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा दादा, हा शब्द रूढ करण्यात त्यांच्याच लिखाणाचा मोठा हात होता. अभ्यासाअंती स्वतःचं म्हणणं बदलणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवते.

हार्नेस घ्या, छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला. तो ओढायला लागला की त्याच्याच ताकदीने त्याचं अंग तुमच्याकडे वळतं. पट्टा ताणला की थांबा, सैल झाला की चाला. पहिल्या दिवशी गेटपर्यंत जायला वीस मिनिटं लागतील, जाऊ द्या. आणि घरातून निघतानाच तो उधळलेला असेल तर आधी दारातच बसून दोन मिनिटं घालवा.

गेटवरच्या कुत्र्यांना ठरलेल्या वेळी कोणीतरी खायला घालत असणार. ती वेळ शोधा आणि टाळा, खाण्यावर बसलेल्या टोळीतून ३३ किलोंचा नर कोणीच नेऊ नये. एरवी सरळ त्यांच्या अंगावर चालत जाऊ नका, लांबून वळसा घ्या. कुत्र्यांच्या जगात समोरासमोर चालत येणं उद्धट असतं. खिशात मूठभर कोरडा खाऊ ठेवा. एखादं मागे लागलं तर तो त्याच्याकडे जमिनीवर पसरा आणि न धावता निघून जा. रेबीजची लस दरवर्षी वेळेवर घ्या, आणि घरातल्या कोणालाही कुठल्याही कुत्र्याचा दात लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना काही लावू नका.

मी वागण्याचं काम करते, पण पहिल्या भेटीआधी डॉक्टरांची तपासणी मागते. मोठ्या कुत्र्यांची हाडं वाढण्याच्या जागा १५-१८ महिन्यांपर्यंत पूर्ण बंद झालेल्या नसतात. त्या वयात डांबरी रस्त्यावर सायकलमागे रोज चार किलोमीटर एकसुरी धावणं सांध्यांना महागात पडतं. तुम्ही लिहिलंय की बसताना तो एक पाय बाहेर टाकतो आणि जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो. मला ते वाचून काळजी वाटली. लॅबच्या रक्तात खुब्याच्या सांध्याचा दोष आढळतो. एक्स-रे काढून घ्या. दुखणारं कुत्रं लंगडतंच असं नाही. ते अस्वस्थ होतं, रात्री जागा बदलत राहतं, उशा फाडतं.

दुसरी तपासणी रक्ताची. पुण्यात गोचिडी बारा महिने असतात, आणि त्यांच्यामार्फत एर्लिकिया, बॅबेसिया हे आजार येतात. जेवणाची इच्छा जाणं, ताप, हिरड्या पांढुरक्या दिसणं, लघवीचा रंग कॉफीसारखा होणं, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. गोचिडीविरुद्धची गोळी डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे द्या आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा. कुठलीही शस्त्रक्रिया करायची झाली तर आई कारवानसारखी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण चरबी कमी असलेल्या या कुत्र्यांना भुलीची काही जुनी औषधं जड जातात. नसबंदीबद्दल: वीस किलोंहून जड मिश्र कुत्र्यांची नसबंदी वर्षाच्या आत केल्यास सांध्यांचे विकार वाढतात असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. खंडूने ते वय ओलांडलं आहे, एक्स-रे पाहून डॉक्टरांशी ठरवा. मादीच्या मागे भटकणं त्याने कमी होतं. उधळणं त्याने कमी होत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

तुम्ही देत असलेलं कॅल्शियमचं सिरप बंद करा. मोठ्या वाणाच्या वाढत्या कुत्र्याला जादा कॅल्शियम दिल्याने हाडं मजबूत होत नाहीत, वाकडी वाढतात. दूध-पोळी हे जेवण नाही, ते पोट भरणं आहे. ३३ किलोंच्या, रोज फिरणाऱ्या कुत्र्याला साधारण १५५० ते १७५० कॅलरी लागतात, त्यात मांस-अंड्याचा वाटा भरपूर हवा. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, आणि त्याच्या बांध्यात शेवटच्या एक-दोन दिसल्या तरी तो उपाशी नाही, शेजारी काही म्हणोत. मनुका आणि बेदाणे, कांदा-लसूण, चॉकलेट घरात त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, आणि ताप आला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन कधीच देऊ नका. जेवण दोनदा विभागून द्या, आधी आणि नंतर तासभर उड्या नकोत. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ बसतो. पोट ढोलासारखं ताठ, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, कुठे स्थिर बसवत नाही. असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा. त्यात मिनिटं मोजायची असतात, त्यामुळे रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे ते आजच शोधून ठेवा.

उन्हाळ्याचं मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण माझा पहिला कुत्रा मी उन्हाने गमावला. शेरा चार वर्षांचा होता, खंडूएवढाच दांडगा. एप्रिलचा महिना, रविवार, उशिरा उठले आणि साडेआठला त्याला टेकडीवर नेलं. चेंडू होता. तो थांबत नव्हता म्हणून मीही थांबले नाही. खाली उतरताना तो डुलायला लागला, जीभ जांभळट झाली. मी त्याला ओल्या चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं आणि चाळीस मिनिटांनी दवाखान्यात पोचले. संध्याकाळी तो गेला. आज मला माहीत आहे की ती चादर चूक होती, अंगाची उष्णता तिने आत कोंडली. आधी जागेवरच गार करायचं असतं. नळाचं साधं पाणी अंगभर ओतत राहायचं, पोटाखाली, मांड्यांत, मानेवर, वारा घालायचा, आणि मग ओल्या अंगानेच खिडक्या उघड्या ठेवून दवाखान्यात न्यायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०५ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. मार्च ते जूनमध्ये सकाळी सातच्या आत घरी परत या, संध्याकाळी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला ठेवता आली नाही तर त्याचे पंजेही ठेवू नका. थांबायचं कधी हे कुत्र्यावर सोपवू नका. जोशात असलेला कुत्रा मरेपर्यंत धावतो.

पावसाळ्यात उंच गवतात घोणस असते, त्यामुळे त्या चार महिन्यांत पायवाट सोडू नका. तुंबलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस येतो, त्याची लस दरवर्षीच्या लशींत आहे ना ते तपासा. तो माणसांनाही होतो. पंजे पुसताना बोटांच्या बेचक्याही कोरड्या करा.

तुमच्या घराला नदीपात्र जवळ, म्हणजे गणपतीच्या आधी महिना-दीड महिना ढोल-ताशा पथकांचा सराव रोज संध्याकाळी ऐकू येणार, आणि मग दिवाळी. मागच्या वर्षी तो पलंगाखाली थरथरत होता असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. ती ओळ छोटी नाही. भीती वर्षागणिक वाढते. सरावाच्या वेळेला तो बाहेर नको. घरातल्या आतल्या खोलीत, पडदे ओढून, पंखा चालू, गोधडी आणि गोठवलेला दहीभात. त्याला जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे, तो आला तर खुशाल कुशीत घ्या. दिवाळीच्या महिनाभर आधी डॉक्टरांना औषधाबद्दल विचारा. नुसतं शरीर सुस्त करणारं नको, भीती कमी करणारं हवं, असं स्पष्ट सांगा, आणि फटाके सुरू व्हायच्या आधी एखाद्या शांत दिवशी एक मात्रा देऊन परिणाम पाहून ठेवा.

सोसायटीच्या पत्राला घाबरू नका, पण त्यातल्या खऱ्या भागाकडे दुर्लक्षही करू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही. दुसऱ्या बाजूला, महापालिकेचा श्वान परवाना काढणं, लशीची नोंद ठेवणं आणि खालची शी उचलणं हे आपलं काम आहे. सेक्रेटरींना भेटायला जा, परवान्याची आणि लशीच्या वहीची प्रत द्या, आणि सांगा की लिफ्टमध्ये दुसरं कोणी असेल तर आम्ही थांबून पुढची घेऊ. ज्या काकूंच्या अंगावर तो उडाला त्यांच्याकडे स्वतः जा. मी बघितलेल्या बहुतेक तक्रारी कुत्र्याबद्दल असतात त्यापेक्षा ‘आमचं कोणी ऐकून घेतलं नाही’ याबद्दल असतात.

दिरांना सांगा की शेतावर सोडलेला खंडू मोकळा धावत नाही. तो साखळीला बांधला जातो, किंवा चार दिवसांत पुणे-सातारा रस्त्यावर येतो. अशी कुत्री परत शोधायला मी लोकांबरोबर फिरले आहे. दोन सापडली.

सोमवारपासून सुरू करा. चेंडू कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा आणि सहा आठवडे काढू नका. सायकल एक्स-रे होईपर्यंत बंद. पहिले चार-पाच दिवस तो जास्त त्रास देईल, चेंडूच्या कपाटासमोर उभा राहून भुंकेल, तेव्हा टॉवेलची गुंडाळी द्या. सासूबाईंकडे एक वही द्या. त्या दिवसभर घरात असतात, खंडू किती वाजता झोपला आणि किती वाजता उठला एवढंच त्यांनी लिहायचं. बेरीज १२ तासांच्या वर गेली की मला कळवा, मग बेलचं काम पुढे नेऊ.